चमच्याने पाजायचे चार तास

लहान मुलांच्या जुलाबांवर औषध आहे. ते स्वस्त आहे, आशाताईंकडे फुकट मिळते आणि त्याचा गुण पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालेला आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुले अतिसाराने दगावतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस, म्हणजे पुडीतले क्षार-साखरेचे पाणी, मिळाल्याची नोंद आहे. झिंक मिळाले ते ३०.५ टक्क्यांना. चौथ्या पाहणीतले आकडे याहून कमी होते, म्हणजे सुधारणा झाली हे खरे. पण दहातली चार मुले क्षारांच्या पाण्याविना राहतात आणि त्यांतल्या अनेकांना दवाखान्यात नेलेले असते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. औषध आहे, दवाखानाही आहे, मग मधे अडते कुठे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात हा प्रश्न दोन ऋतूंत दोन रूपांनी येतो. पहिला ऋतू पावसाळ्याचा. आंबोलीच्या बाजूने येणारी हिरण्यकेशी गढूळ होऊन वाहते, विहिरी आणि झरे काठोकाठ भरतात, वरचे पाणी वाहत येऊन पिण्याच्या पाण्यात मिसळते. नेमक्या त्याच दिवसांत भाताची लावण चाललेली असते. आई चिखलात, बाळ आजीपाशी. 'पोराला ढाळ लागल्यात' हे संध्याकाळी घरी आल्यावर कळते, आणि तोवर सहा-सात जुलाब होऊन गेलेले असतात. दुसरा ऋतू थंडीचा. रोटाव्हायरसचे जुलाब आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत जास्त आढळतात. पाऊस नाही, पाणी स्वच्छ दिसते, त्यामुळे घरच्यांना या जुलाबांचे कारणच उमगत नाही. मग दोष दातांवर जातो, नाहीतर दृष्टीवर.

दात येताना बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतू पोटात जातात, एवढाच दात आणि जुलाब यांचा संबंध. दातांचे म्हणून सोडून द्यावेत असे जुलाब नसतात.

मूल जुलाबाने का दगावते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक वेळा ते जंतूमुळे थेट मरत नाही. अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरते. तान्ह्या बाळाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते आणि वजनाच्या मानाने रोज शरीरात येणारे-जाणारे पाणी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. आठ किलोच्या बाळाच्या अंगातून ४०० मिलिलिटर पाणी गेले, की वजनाचे पाच टक्के गेले. ८०० गेले की दहा टक्के, आणि तिथून पुढे जीव धोक्यात. ८०० मिलिलिटर म्हणजे एक लिटरची बाटलीसुद्धा भरत नाही. उलट्या आणि पातळ जुलाब दोन्ही असतील तर एवढे पाणी दिवसभरात सहज जाते. आणि बाळाला 'पाणी दे' म्हणता येत नाही.

ओळखायचे कसे? देशभर बालआरोग्याच्या प्रशिक्षणात शिकवली जाणारी पद्धत चार गोष्टींवर उभी आहे. मुलाची हुशारी, डोळे, पाणी पिण्याची तऱ्हा आणि पोटाच्या कातडीची चिमटी. मूल किरकिरे, बेचैन असेल, डोळे खोल गेले असतील, पाण्याची वाटी दिसताच झडप घालत असेल, चिमटी सावकाश मिटत असेल, यांपैकी दोन खुणा दिसल्या तर अंगातले पाणी कमी झालेले आहे. मूल मलूल, गुंगीत असेल, हाका मारूनही नीट जागे होत नसेल, पाणी पीतच नसेल किंवा ओठाला लावलेले गिळता येत नसेल, डोळे खोल असतील आणि चिमटी मिटायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, यांपैकी दोन खुणा असल्या तर ते गंभीर आहे. त्याला ताबडतोब शिरेतून द्रव हवे.

यातला धोक्याचा टप्पा मधलाच आहे, आणि तो पुष्कळदा उलटा वाचला जातो. सकाळपासून रडणारे, पाण्यासाठी हात टाकणारे मूल घरच्यांना जास्त आजारी वाटते. दुपारी ते गप्प झाले की 'आता निजलंय, आराम पडला' असे वाटते. तहानेने कासावीस मूल अजून झगडत असते; गप्प झालेले मूल झगडण्याची ताकद संपल्यामुळे गप्प झालेले असू शकते. जुलाब चालू असताना शांत झोपलेल्या बाळाला उठवून पाहावे. उठले, आईकडे बघितले, प्यायले तर ठीक.

चिमटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती बहुतेक जण चुकीची घेतात. मुलाला उताणे निजवायचे, हात अंगालगत, पाय सरळ. बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधोमध अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, कातडी उचलायची. घडी अंगाच्या लांबीच्या दिशेने पडली पाहिजे, आडवी नको. कातडी आणि तिच्याखालचा थर दोन्ही बोटांत आले पाहिजेत. एक सेकंद धरायचे, सोडायचे आणि बघायचे. निरोगी मुलात घडी सोडताक्षणी नाहीशी होते. ती क्षणभर जरी उभी राहिलेली दिसली तरी ती सावकाश मिटली असे धरायचे. हातावर किंवा गालावर घेतलेल्या चिमटीला अर्थ नाही. आणि ही खूण दोन मुलांत फसवते: कुपोषित मुलाची कातडी पाणी भरपूर असतानाही सैल असते, गुटगुटीत मुलाची पाणी कमी झाले तरी घट्ट राहते. डोळ्यांचेही तसेच. काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात, म्हणून आईला विचारायचे, 'रोज असेच दिसतात का?' 'न्हाई, आज आत गेल्यात' हे तिचे उत्तर कुठल्याही तपासणीच्या तोडीचे आहे.

या खुणा किती खात्रीच्या, याचा शोध संशोधकांनी घेतलेला आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात तीन खुणा सर्वांत उपयोगी ठरल्या: नख दाबून सोडल्यावर लाली परतायला लागणारा वेळ, चिमटी आणि श्वासाची बदललेली चाल. एकटी खूण फारशी भरवशाची नाही, दोन-तीन एकत्र पाहिल्या तरच अंदाज बरोबर येतो, असेही त्यात निघाले. आजऱ्याच्या पावसात यातल्या पहिल्या खुणेबाबत जपून राहिले पाहिजे. भिजून आलेल्या, हात गार पडलेल्या मुलाच्या नखाची लाली तशीही उशिरा परतते. श्वासाचे मात्र लक्षात ठेवावे. पाणी फार कमी झाले की रक्तातले आम्ल वाढते आणि मूल खोल, भराभर श्वास घेऊ लागते. घरच्यांना वाटते, छातीत कफ झाला. जुलाब असलेल्या मुलाला दम लागला तर आधी पाण्याचा विचार करावा.

टाळू बसणे ही आपल्या आज्यांना पूर्वापार माहीत असलेली खूण. टाळू भरलेली नसते तोवर, साधारण दीड वर्षापर्यंत, ती उपयोगी आहे. पण ती बसली म्हणजे पाणी कमी झाले, एवढाच तिचा अर्थ. टाळूवर तेल मुरवून किंवा टाळू वर उचलून ती भरत नाही. पोटात पाणी गेले की आपोआप वर येते. रडताना डोळ्यांत पाणी नसणे, जीभ कोरडी पडणे, सहा-आठ तासांत लघवी न होणे याही खुणा घरच्या घरी पाहता येतात. मात्र डायपर बांधलेला असेल तर पातळ जुलाब आणि लघवी वेगळी कळत नाही. आजारपणात बाळाला सुती लंगोट बरा.

आता उपचार. आतड्यातून पाणी अंगात परत कसे घ्यायचे हे कोडे १९६० साली सुटू लागले. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने दाखवले, की आतड्याच्या पेशी साखर आणि मीठ एकत्र आत घेतात. ग्लुकोज असेल तर सोडियम आत जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. जुलाबात बाकीचे बरेच बिघडते, पण ही वाट बहुधा चालू राहते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर याचा प्रयोग यशस्वी केला. पण जगाचे डोळे उघडले ते १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामातून पश्चिम बंगालमधल्या बनगावला आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचे सलाईन संपत आले. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपात पाणी कालवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आधी तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या हकिकतीत द्रावणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पाजले कोणी. नर्सने नव्हे, डॉक्टरने नव्हे. आईने, भावाने, शेजाऱ्याने.

आजची पुडी त्या पुडीची सुधारलेली आवृत्ती आहे. एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सगळे मिळून साडेवीस ग्रॅम. आधीच्या पुडीत मीठ आणि साखर थोडी जास्त होती. २००० नंतरच्या दशकात ते कमी केल्यावर उलट्या घटल्या आणि सलाईन लावायची वेळ कमी मुलांवर आली. बाजारात एक लिटरची मोठी पुडी मिळते तशी २०० मिलिलिटरची छोटीही मिळते, आणि घोटाळा इथेच होतो. मोठी पुडी पेल्याभर पाण्यात कालवली तर पाचपट खारे पाणी बाळाच्या पोटात जाते. रक्तातले सोडियम वाढून झटके येऊ शकतात. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर ते नुसते पाणी. 'थोडी थोडी' पुडी काढून कालवणेही चूक, कारण क्षार पुडीत सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. पुडीवर लिहिलेले माप वाचून, उकळून गार केलेल्या पाण्यात, अख्खी पुडी एकदम. कालवल्यावर पुन्हा उकळायचे नाही, दुधात किंवा फळांच्या रसात कालवायचे नाही, वरून साखर घालायची नाही. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे.

पाण्याची कमतरता अजून झालेली नसेल, तर प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर पाजायचे. कमतरता दिसत असेल तर हिशेब वजनावर: किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. आठ किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर. पाच मिलिलिटरच्या चमच्याने १२० चमचे, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. हा आकडा मुद्दाम फोडून सांगितला. 'ओआरएस दिले, पण राहत नाही, सगळे उलटते' ही तक्रार जिथे ऐकू येते तिथे बहुधा तहानलेल्या मुलाला पेला तोंडाला लावलेला असतो. ते गटागटा पिते आणि भडाभडा ओकते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमचा सुरू करायचा, आधीपेक्षा सावकाश. आणि बाटली नको, वाटी-चमचाच. चार तास संपले की चारही खुणा पुन्हा पाहायच्या आणि पुढचे ठरवायचे.

उपचार हाच आहे, आणि तो करणारी व्यक्ती चार तास दुसरे काही करू शकत नाही. लावणीच्या दिवसांत, रोजंदारी बुडवून, घरात दुसरे मूल असताना हे चार तास कुठून आणायचे, हा आईपुढचा खरा प्रश्न असतो. सलाईनची बाटली टांगली की कोणीतरी उपचार करते आहे असे दिसते आणि तिचा हात मोकळा होतो. म्हणून 'डॉक्टर, एक सलाईन लावा की' या विनवणीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. पण विज्ञान काय सांगते तेही स्पष्ट आहे. तोंडावाटे आणि शिरेवाटे द्रव देण्याची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने एकत्रित आढावा घेतला, त्यात तोंडावाटे उपचार घेणाऱ्या दर पंचवीस मुलांमागे साधारण एकालाच शेवटी सलाईन लागल्याचे दिसले. बाकीच्या चोवीस जणांची शीर शोधायचे कारण नव्हते.

डॉक्टर मग ओआरएस का लिहून देत नाहीत? 'सायन्स' नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने याचा छडा लावला. कर्नाटक आणि बिहारमधल्या अडीचशेवर मध्यम आकाराच्या शहरांत संशोधकांनी प्रशिक्षित माणसे मुलाच्या जुलाबाची तक्रार घेऊन दोन हजारांहून अधिक खासगी दवाखान्यांत आणि औषध देणाऱ्यांकडे पाठवली. ओआरएस न देण्याची कारणे तपासली, तेव्हा दुकानात पुडी नसणे हे कारण ६ टक्क्यांपुरतेच निघाले आणि महाग औषधांतला नफा ५ टक्क्यांपुरता. सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, एका समजाचा होता: 'रुग्णाला ओआरएस नको असते.' आणि घरच्यांना विचारले तर बहुतेकांना त्याचे वावडे नव्हते. गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरकडे निघाले की कर्नाटकाची हद्द फार लांब नाही. तिथले दवाखाने आणि इथले दवाखाने यांत मोठा फरक असेल असे मला वाटत नाही. याचा एक सरळ उपयोग आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर आईने स्वतः म्हणावे, 'ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या लिहून द्या, मी पाजते.'

क्षारांचे पाणी कालवून पाजणे घरोघरी शिकवता येते, हे बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत करून दाखवले. तिच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ व मूठभर गूळ पाण्यात कालवायला त्यांनी समोर बसून शिकवले. त्यांचा मोबदलाही, काही दिवसांनी त्या आईला ते कितपत आठवते आणि करता येते, यावर ठरत असे. कोल्हापूर हा तर गुळाचाच जिल्हा. तरी आज पुडी मिळत असताना घरचे मिश्रण पहिली पसंती ठरू नये. त्यात पोटॅशियम पुरेसे नसते आणि मीठ हमखास कमी-जास्त होते. पुडी मिळेपर्यंत मीठ घातलेले ताक, मीठ घातलेली भाताची पेज, डाळीचे पाणी चालते. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ घरात असेल तर त्याची पेज मूल आवडीने पिते, आणि तिचा वास आजारी मुलालाही ओढून घेतो.

बाटलीबंद आणि खोक्यातल्या गोड पेयांपासून मात्र लांब राहावे. कित्येक वर्षे 'ओआरएस' ही अक्षरे नावात मिरवणारी पेये औषधांच्या दुकानांत विकली गेली. त्यांत साखर पुडीच्या कित्येक पट आणि क्षार अपुरे. जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षे लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. दुकानदाराने खोके पुढे केले तरी पुडीच मागावी.

झिंकबद्दल अजून बरेच अज्ञान आहे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही त्यामुळे कमी होतात. अंगावरचे दूध एक दिवसही तोडायचे नाही. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक सल्ला. मऊ भात, वरण, केळे, जे खाईल ते थोडे थोडे चालू ठेवायचे. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना द्यायच्याच नाहीत. प्रतिजैविकांचा साध्या पातळ जुलाबाला उपयोग नाही. शौचात रक्त दिसले किंवा पटकीची शंका असली तर डॉक्टर ती देतील.

दोन महिन्यांखालचे बाळ, शौचात रक्त, प्रत्येक घोटाबरोबर उलटी, जोराचा ताप, झटका, गुंगी, पिणे बंद होणे, आधीपासून कुपोषित असलेले मूल: यांत घरी वाट पाहायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, आजऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, तिथून गरज पडल्यास गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय. १०८ ला फोन करावा. वाटेत मूल गिळू शकत असेल तर गाडीतही चमचा चालू ठेवावा. गंभीर मुलाला शिरेतून किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट द्यावे लागते. वर्षाखालच्या बाळाला त्यातले ३० पहिल्या तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत. शीर सापडत नसेल तर नाकातून नळी घालून ओआरएस देता येते. कुपोषित मुलात हे गणित वेगळे असते आणि घाईने दिलेले सलाईन त्याच्या हृदयाला झेपत नाही.

मुळात जुलाब होऊ नयेत यासाठी पाणी आणि हात. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतींच्या पाण्याची पाहणी होऊन धोक्यानुसार लाल, पिवळी, हिरवी कार्डे दिली जातात. गावाला कोणते कार्ड मिळाले आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज पडते का, हे ग्रामसभेत विचारायला संकोच कशाला? जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित विहिरीतून पटकी पसरून माणसे दगावली, ती याच राज्यातली गोष्ट आहे.

रोटाव्हायरस मात्र स्वच्छ पाणी आणि साबण असूनही पसरतो, म्हणून त्यावर लस. आपली रोटाव्हॅक लस दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूवरून तयार झाली. तिच्या मोठ्या चाचणीतले एक केंद्र पुणे जिल्ह्यातले वढू होते. रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून तिने पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही अशीच लस आहे. महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात रोटाव्हायरसची लस २०१९ मध्ये आली: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तोंडावाटे. आजरा तालुक्यातल्या गवशाच्या साखर कारखान्याचा हंगाम चालतो तो नेमका रोटाव्हायरसच्या थंडीत. ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्यांबरोबर तान्ही बाळे असतात, आणि त्यांचे डोस एका जिल्ह्यात सुरू होऊन दुसऱ्यात राहून जातात. पहिला डोस वर्षाच्या आत मिळाला असेल तर उरलेले डोस मूल असेल तिथल्या केंद्रात देता येतात. या टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाणाऱ्या आशाताईंनी पुडी देताना लसीचे कार्ड मागून पाहावे आणि कारखान्याच्या गट कार्यालयाने टोळी उतरली त्याच आठवड्यात मुलांची यादी आरोग्य केंद्राला द्यावी.